डिस्क तीच, संगणक दुसरा

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतील एक संगणक एका सकाळी सुरूच झाला नाही. संगणक साधाच होता, २०१० साली घेतलेला, विंडोज ७ वर चालणारा. पण त्याला जोडलेला वर्णपटमापी साधा नव्हता. मोजमापांच्या नोंदींच्या प्रती आम्ही वेळोवेळी काढून ठेवल्या होत्या; परंतु यंत्र चालवणारा प्रोग्रॅम आणि त्याच्या पोटातील प्रमाणीकरणाच्या फाइली फक्त त्या एका हार्ड डिस्कवर होत्या. प्रोग्रॅमची सीडी केव्हाच हरवली होती आणि उत्पादकांनी ते मॉडेल बंद केले होते. खोका उघडून पाहिले तर मदरबोर्डवरचे काही कपॅसिटर फुगलेले. हार्ड डिस्क मात्र ठणठणीत.

दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञांनी ती डिस्क कार्यालयातून निघालेल्या एका जुन्या संगणकात बसवली. विंडोजचे चिन्ह उमटले, क्षणभर आशा वाटली, मग निळा पडदा आला आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. असे तीनदा झाल्यावर तंत्रज्ञ म्हणाले, "सर, मशीन बदललं की असंच होतं. डिस्क फॉरमॅट करून विंडोज नवीन टाकावं लागेल."

हा सल्ला आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. शाळेच्या संगणक कक्षात एखादे यंत्र बिघडले की तो हमखास मिळतो, आणि बहुतेक वेळा आपण तो निमूटपणे मानतो. आम्ही तो मानला नाही, कारण मानला असता तर चांगला चालणारा वर्णपटमापी भंगारात गेला असता. या निमित्ताने एक प्रश्न मात्र नीट तपासून पाहावासा वाटला. डिस्कवरचा एकही बिट बदललेला नसताना ती दुसऱ्या संगणकात का चालू नये? हा निसर्गाचा नियम आहे, जुन्या सवयींचा परिणाम आहे, की कोणी मुद्दाम घातलेला अडसर आहे? आमच्या मते यात तिन्ही गोष्टी मिसळल्या आहेत, आणि त्या वेगळ्या न केल्यामुळेच "असंच होतं" हे उत्तर खपून जाते.

किल्ली कपाटात, कपाट कुलपात

संगणक सुरू होण्याला बूट होणे म्हणतात. हा शब्द इंग्रजीतील 'बूटस्ट्रॅप'वरून आला. स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलायचे, अशी ती अशक्य कल्पना आहे. संगणकाची अडचण खरोखरच तशी असते. डिस्कवरून प्रोग्रॅम वाचायचा तर डिस्क वाचण्याचा प्रोग्रॅम आधी स्मृतीत हवा, आणि तो तर डिस्कवर आहे!

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये या कोड्याचे उत्तर मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये ठेवले होते. तिच्यातील प्रोग्रॅमला बायोस म्हणतात. वीज आली की प्रोसेसर प्रथम बायोसच्या सूचना पाळू लागतो. बायोस डिस्कचा अगदी पहिला तुकडा, म्हणजे ५१२ बाइट, स्मृतीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. या ५१२ बाइटांचा हिशेब वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. पहिल्या ४४६ बाइटांत छोटासा प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांचा तक्ता (प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी), आणि शेवटच्या २ बाइटांत ओळखीची खूण. हा छोटा प्रोग्रॅम थोड्या मोठ्या प्रोग्रॅमला बोलावतो, तो आणखी मोठ्याला, आणि शेवटी विंडोजचा किंवा लिनक्सचा गाभा स्मृतीत येतो.

इथपर्यंत डिस्क वाचण्याचे काम बायोसच्या मदतीने चालते, म्हणून विंडोजचे चिन्ह आम्हाला दिसले. खरी अडचण यानंतर येते. गाभा जागा झाला की तो बायोसची मदत सोडून देतो आणि डिस्कशी स्वतः बोलू लागतो. त्यासाठी त्याला मदरबोर्डवरच्या डिस्क-नियंत्रकाची भाषा जाणणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लागतो. योग्य ड्रायव्हर आधीच स्मृतीत आला असेल तर ठीक. नसेल तर तो डिस्कवरून आणायला हवा, आणि डिस्क तर आता वाचता येत नाही. किल्ली कपाटात आणि कपाट कुलपात! निळ्या पडद्यावरचा सात-बी क्रमांकाचा संदेश नेमके हेच सांगत असतो. ज्या डिस्कवरून सुरुवात झाली, तिच्यापर्यंत आता पोचता येत नाही.

हा अडसर मुळातलाच आहे. तो कोणा कंपनीने निर्माण केलेला नाही. पण तो ओलांडता येत नाही असे मात्र नाही. संभाव्य सगळे ड्रायव्हर सुरुवातीलाच सोबत घेतले की झाले. चार किल्ल्यांचा जुडगा कमरेला असला तर कुलूप कोणते आहे याने फरक पडत नाही.

सवयीचा भाग

विंडोजने हा जुडगा बाळगला नाही. प्रत्येक ड्रायव्हरपुढे विंडोजच्या नोंदवहीत एक आकडा असतो. शून्य म्हणजे अगदी सुरुवातीलाच स्मृतीत आणा, तीन म्हणजे मागणी आली तरच आणा. विंडोज ७ नव्याने बसवताना समोरच्या यंत्राला लागणाऱ्या डिस्क-ड्रायव्हरपुढे शून्य लिहिले जाई आणि बाकीचे तीनवर राहत. आमचा जुना संगणक डिस्कशी आयडीई नावाच्या जुन्या पद्धतीने बोलत होता, दुसरा संगणक एएचसीआय या नव्या पद्धतीने. नव्या पद्धतीचा ड्रायव्हर आमच्या डिस्कवर होताच, विंडोज ७ च्या बरोबरच आलेला. केवळ त्याच्यापुढचा आकडा शून्याऐवजी तीन होता. एका आकड्यासाठी आमचा वर्णपटमापी भंगारात निघाला होता!

विंडोज एक्सपीपर्यंत तर याहून कठीण परिस्थिती होती. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांच्याशी जुळवून घेणारा सर्वांत खालचा थर कोणता वापरायचा, हे ती प्रणाली बसवतानाच एकदा ठरवले जाई. यंत्र बदलले आणि तो थर जुळला नाही, तर सारेच ठप्प होई. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून ही निवड दर वेळी सुरू होताना होऊ लागली. विंडोज ८ पासून आणखी सुधारणा झाली आणि आज विंडोज १० किंवा ११ ची डिस्क दुसऱ्या संगणकात लावली तर बऱ्याचदा ती काही मिनिटे नवे भाग ओळखण्यात घालवून सुरू होते. तंत्रज्ञांचा सल्ला म्हणजे एक्सपीच्या काळातील अनुभवाचे आज झालेले सूत्र आहे. तेव्हा ते बरेचसे खरे होते. आज ते तपासल्याशिवाय सांगणे बरोबर नाही.

टीका करताना न्यायही करायला हवा. १९९० च्या दशकात स्मृती महाग होती आणि डिस्क मंद होती. न लागणारे ड्रायव्हर दर वेळी वाचणे ही तेव्हा उधळपट्टीच ठरली असती. पण परिस्थिती पालटल्यावरही सवय टिकली, हा दोष उरतोच. त्याचा पुरावा बाहेरून मिळतो. २००० साली क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स ही लिनक्सची एक सीडी तयार केली. ती कोणत्याही सर्वसाधारण संगणकात घालावी, समोर काय काय आहे हे तिने स्वतः शोधावे आणि काम सुरू करावे, डिस्कला हातही न लावता. म्हणजे मुळातला अडसर पंचवीस वर्षांपूर्वीच ओलांडला गेला होता. पुढे मायक्रोसॉफ्टनेही २०१२ साली 'विंडोज टू गो' ही सोय दिली. तीत यूएसबी डिस्कवरची विंडोज वेगवेगळ्या संगणकांवर सुरू होई आणि प्रत्येक यंत्राची ओळख लक्षात ठेवी. ती सोय फक्त मोठ्या संस्थांसाठीच्या आवृत्तीत होती, आणि २०२० मध्ये तीही काढून टाकण्यात आली. जे करता येते हे स्वतःच दाखवून दिले, ते सामान्य वापरणाऱ्यापर्यंत कधी पोचलेच नाही.

विंडोज दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा अधिकृत मार्ग आहे, त्याचे नाव सिसप्रेप. त्याने यंत्राच्या खाणाखुणा पुसल्या जातात आणि डिस्क कुठेही जायला तयार होते. पण हा प्रोग्रॅम जुना संगणक चालू असतानाच वापरायचा असतो. मदरबोर्ड सांगून बंद पडत नाही. मृत्युपत्र करून ठेवले नाही म्हणून वारसांना घरात येऊ न देण्यासारखाच हा प्रकार झाला.

लिनक्सही या कसोटीवर सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. तेथे गाभ्याबरोबर आवश्यक ड्रायव्हरांची एक शिदोरी स्मृतीत आणली जाते. डेबियनमध्ये ती सहसा भरपूर भरलेली असते, म्हणून डिस्क हलवली तरी अडत नाही. फेडोरामध्ये मात्र ती त्या यंत्रापुरतीच बांधली जाते. सर्वसाधारण शिदोरी 'रेस्क्यू' नावाच्या वेगळ्या पर्यायात ठेवलेली असते, आणि ती तेथे आहे हे नवख्याला कोण सांगणार? डिस्कचे विभाग त्यांच्या जागेवरून न ओळखता त्यांच्या स्वतंत्र ओळखक्रमांकावरून ओळखण्याची पद्धत लिनक्सने रूढ केली, ही मोठीच सोय झाली. नेटवर्क कार्डाला मात्र २०१३ पासून त्याच्या खाचेवरून नाव दिले जाते. त्यामुळे डिस्क दुसऱ्या संगणकात गेली की सारे चालते, पण हाताने लिहून ठेवलेली नेटवर्कची मांडणी जुन्या नावालाच चिकटून राहते आणि नेटवर्क मिळत नाही. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले!

पत्ता कुठे लिहिला आहे?

आता बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. जुन्या विभाग-तक्त्यात तुकड्यांचे क्रमांक ३२ बिटांत लिहिले जात. २ चा ३२ वा घात गुणिले ५१२ केले तर सुमारे २.२ लाख कोटी बाइट येतात. त्यापलीकडची जागा त्या तक्त्याला दाखवताच येत नव्हती. जीपीटी या नव्या तक्त्यात क्रमांक ६४ बिटांचे आहेत आणि सहसा १२८ नोंदींना जागा असते. बदल आवश्यकच होता. परंतु जुन्या तक्त्याची, बायोससाठी तयार केलेली डिस्क केवळ यूईएफआय जाणणाऱ्या नव्या मदरबोर्डवर लावली, तर मदरबोर्ड तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ही डिस्क आतील माहिती न पुसता नव्या तक्त्यात बदलणारा एमबीआर-टू-जीपीटी हा प्रोग्रॅम आला. येथेही फॉरमॅट करण्याची गरज नसते.

यूईएफआयमधील एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. कोणती प्रणाली कोणत्या फाइलपासून सुरू करायची, याची नोंद डिस्कवर न होता मदरबोर्डवरच्या स्मृतीत होते. म्हणजे बूट होण्याच्या माहितीचा एक तुकडा जुन्या मदरबोर्डबरोबरच मागे राहतो! नोंद नसेल तर एका ठरलेल्या नावाची फाइल शोधावी, अशी तरतूद आहे. विंडोज ती फाइल तेथे ठेवते. लिनक्सच्या काही वितरणांत ती आपोआप ठेवली जात नाही. नेहमी मोकळेपणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी ही जागा रिकामी ठेवावी, हे आम्हाला पटत नाही.

कुलूप कोणासाठी?

तिसरा प्रकार मुद्दाम घातलेल्या अडसरांचा. यातही दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली जात मालकाच्या रक्षणाची. बिटलॉकर डिस्कवरची माहिती सांकेतिक करतो आणि किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा-चिपच्या ताब्यात देतो. सुरू होतानाची परिस्थिती पूर्वीसारखीच असेल तरच चिप किल्ली देते. डिस्क चोरून दुसऱ्या यंत्रात लावली तर ४८ आकडी पुनर्प्राप्ती-किल्ली मागितली जाते. हे योग्यच आहे. चोर आणि मालक यांतला फरक यंत्राला दुसऱ्या कशाने कळणार? दोष आहे तो वेगळाच. अलीकडच्या अनेक संगणकांवर हे संरक्षण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करताच आपोआप सुरू होते आणि ४८ आकड्यांची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. मालकाला कुलूप लागल्याचेही ठाऊक नसते. शाळेचा संगणक कोणा बदली झालेल्या सरांच्या खात्यावर सुरू झालेला असेल आणि मदरबोर्ड गेला, तर निकालपत्रके कायमची गेली असे समजा. रक्षण करायचे तर मालकाला सांगून करावे.

दुसरी जात विक्रेत्याच्या रक्षणाची. २००१ साली एक्सपीबरोबर परवान्याच्या पडताळणीची पद्धत आली. संगणकाच्या भागांवरून एक ओळख तयार होते आणि ती फार बदलली की पुन्हा पडताळणी मागितली जाते. संगणकासोबत मिळालेला परवाना त्या यंत्रापुरताच असतो, आणि मदरबोर्ड बदलला की बहुधा यंत्रच नवे मानले जाते. २०१६ पासून परवाना खात्याशी जोडून ठेवण्याची सोय झाल्याने ही अडचण काहीशी सैल झाली. पण मूळ गृहीत कायम आहे. डिस्क, स्मृती, पडदा बदलला तरी संगणक तोच आणि मदरबोर्ड बदलला की दुसरा, हे कोणी ठरवले? नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? येथे मात्र विक्रेत्यांनी आस म्हणजेच रथ असे ठरवून टाकले आहे. शिक्षकाच्या दृष्टीने संगणक म्हणजे त्यातील प्रश्नपेढी, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि रोजचे काम. त्याच्या लेखी रथ डिस्कवर आहे.

आम्ही काय केले

आमच्या वर्णपटमाप्याचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. प्रथम आम्ही डिस्कची तुकड्यास तुकडा जुळणारी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून दिली. पुढचे सारे प्रयोग प्रतीवर. मग दुसऱ्या संगणकाच्या बायोसच्या मांडणीत जाऊन डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून आयडीई केली. दोन्ही मदरबोर्डांवरचे चिपसंच एकाच कंपनीचे असल्याने जुना ड्रायव्हर चालला आणि विंडोज सुरू झाली. परवान्याची पडताळणी मागितली गेली, ती संस्थेच्या सामूहिक परवान्यामुळे मिटली. शेवटी यंत्राचा प्रोग्रॅम अडून बसला, कारण त्याचा परवाना नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला बांधलेला होता. सुदैवाने ते कार्ड मदरबोर्डचा भाग नसून वेगळे होते. ते उचलून नव्या संगणकात बसवले आणि वर्णपट पडद्यावर आला. हा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही आणि जोडायचाही नाही, कारण विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती २०२० सालीच थांबली आहे.

फॉरमॅट केले असते तर काय गेले असते? तंत्रज्ञांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना दिवसात पाच ठिकाणी जायचे होते आणि फॉरमॅट हा हमखास लागू पडणारा उपाय होता. पण हमखास उपाय आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निळ्या पडद्यावर कारण स्पष्ट लिहिलेले होते. ते वाचले गेले नाही.

शाळेसाठी

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांना स्वीकारत नाही. त्यामुळे शाळांमधून यंत्रे बदलण्याचे प्रसंग वाढणार आहेत. अशा वेळी क्रम असा असावा. आधी प्रत काढावी. दोन जुळ्या डिस्का एकाच वेळी एका संगणकाला जोडून सुरू करू नयेत, कारण दोहोंचा ओळखक्रमांक एकच असल्याने गोंधळ होतो. बिटलॉकर चालू आहे का ते पाहून किल्ली कागदावर लिहून घ्यावी, आणि हे यंत्र चालू असतानाच करावे. डिस्क कोणत्या तक्त्याची आणि बायोसची की यूईएफआयची, हे नोंदवावे. मग डिस्क हलवावी, आणि अडलेच तर पडद्यावरचा संदेश उतरवून घ्यावा. फॉरमॅट हा सर्वांत शेवटचा उपाय.

विद्यार्थ्यांसाठी एक सोपा प्रयोग आहे. लिनक्सची चालती प्रणाली असलेला एक पेनड्राइव्ह तयार करावा आणि कक्षातील वेगवेगळ्या संगणकांवर तो लावून, कोणता सुरू होतो, कोणता होत नाही, संदेश काय येतो, याचा तक्ता करायला सांगावे. हार्डवेअर म्हणजे हाताला लागणारे आणि सॉफ्टवेअर म्हणजे न लागणारे, अशी व्याख्या आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. ती चूक नाही, पण अपुरी आहे. बायोस कोणत्या बाजूला घालायचा? मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिलेला प्रणालीचा पत्ता कुठे घालायचा? या प्रश्नांनी मुले गोंधळतील, आणि त्या गोंधळातूनच त्यांना या दोहोंमधील सांधा दिसेल. व्याख्या पाठ करून तो दिसत नाही.

डिस्क दुसऱ्या संगणकात चालली नाही तर आता "असंच होतं" म्हणून सोडून देऊ नये. कोणता अडसर मुळातला, कोणता सवयीचा आणि कोणता मुद्दाम घातलेला, एवढे तरी विचारावे. पहिल्यावर उपाय शोधता येतो, दुसऱ्यावर टीका करता येते आणि तिसऱ्याबद्दल यंत्र विकत घेण्यापूर्वीच विक्रेत्याला प्रश्न विचारता येतो.